डाव्या सुळ्याची टोपी

"तोंडात जीभ असते माझ्या. दुसरं काय असणार?"

"जिभेनं दाताला खाच पडत नाही हो." डॉक्टरबाईंनी बारका आरसा आडवा धरून पुन्हा आत बघितलं. "खालचा डावा सुळा अर्धा उडालाय. वरच्या सुळ्याला कानशीनं घासल्यासारखी खाच आहे. खरं सांगा, शिवणकाम करता? दोरा तोडता दातानं?"

"दोऱ्याला कात्री आहे आमच्याकडं."

"मग काम काय करता?"

"सोफ्याचं दुकान आहे. सोफे, खुर्च्या, गाद्या. जुन्याला नवं कापड चढवतो."

"म्हणजे खिळे. खिळे धरता तोंडात."

वहिनी डोक्यावरच्या दिव्याकडं बघत राहिली. "धरते कधीमधी," ती म्हणाली.

कधीमधी म्हणजे सकाळी शटर वर गेलं की धरायचे आणि शटर खाली ओढताना थुंकायचे. मधे जेवणापुरती सुट्टी. पण हे सगळं डॉक्टरला कशाला सांगा? औषध देणाऱ्याला खरं सांगितलं की पथ्य गळ्यात पडतं.

सुळ्याची नस आधीच काढून झाली होती. आज तो चहूबाजूंनी कापून बारका करायचा, माप घ्यायचं आणि पक्की कॅप तयार होऊन येईपर्यंत वर तात्पुरती बसवायची, असं ठरलं होतं. डॉक्टरबाईंनी सुई हातात घेतली तशी वहिनी म्हणाली, "मेलेल्या दाताला भूल कशाला?"

"दात मेलाय. हिरडी जिवंत आहे ना."

वहिनीला हे पटलं. तिनं तोंड उघडलं.

थोड्या वेळानं तिचा ओठ जाड झाला, मग आणखी जाड झाला, आणि मग तो तिचा राहिलाच नाही. हनुवटीला बोट लावलं तर बोटाला हनुवटी कळायची, हनुवटीला बोट कळायचं नाही. जिभेची डावी बाजू ओल्या कापडाच्या घडीसारखी पडून राहिली. बरीच माणसं पहिल्यांदा घाबरतात, हसतात, ओठ ओढून बघतात. वहिनी तशीच पडून राहिली. तिला ह्यात नवं काही वाटलं नाही.

मागच्या थंडीपासून तिचं सगळंच असं होतं.

तिला सगळी गल्ली वहिनी म्हणायची. दीर दिवसभर दुकानातून "वहिनी, कात्री! वहिनी, फोम!" म्हणून ओरडायचा. ते ऐकून ऐकून समोरचा चहावाला, शेजारचा काचवाला, पोस्टमन, सगळ्यांचीच ती वहिनी झाली. काचवाला तर तिच्या बापाच्या वयाचा, पण तोही वहिनीच म्हणायचा. नवऱ्याला लोक थोरले मिस्त्री म्हणायचे आणि दिराला धाकटा. थोरले मागच्या थंडीत गेले. एक तीन माणसांचा सोफा भिंतीकडं सरकवत होते, मधेच थांबले, "जरा टेकतो," म्हणाले आणि टेकले ते टेकलेच. सोफा गिऱ्हाइकाचा होता. पाठीचं कापड अजून लावायचं राहिलं होतं. माणसं येऊन गेली, घर रिकामं झालं, मग वहिनीनं दुकानात जाऊन ती पाठ लावली आणि सोफा ज्याचा त्याला पोचता केला.

रडली नाही. शेजारच्या बाया म्हणाल्या, "मोकळी हो गं, आत साठवू नये." जावेनं दातांच्या कण्या केल्या. वहिनीनं एकदा न्हाणीघराचं दार लावून खरंच प्रयत्न करून बघितला. पाणी सोडलं, भिंतीला टेकून उभी राहिली, वाट बघितली. काही आलं नाही. मग आत गेलोच आहोत तर म्हणून बादलीतले कपडे धुतले आणि बाहेर आली.

"आता हे दाबून धरायचं, हलायचं नाही," म्हणत डॉक्टरबाईंनी गुलाबी लगद्यानं भरलेला साचा तिच्या तोंडात बसवला. "घट्ट होईपर्यंत ऐका. तुम्हाला बोलता येणार नाही, ते बरंच आहे."

तोंड भरलेल्या बाईशी बोलणारी माणसं वहिनीला नवी नव्हती. थोरल्यांनी जन्मभर तेच केलं. नवी नवरी होऊन आली तेव्हा ती दुकानाच्या मागच्या खोलीत काथ्या पिंजायला बसायची आणि बसल्या जागेवरून नवऱ्याला उत्तरं द्यायची. एकाला दोन, दोनाला चार. एकदा थोरल्यांनी तिला पुढं बोलावलं, हातात हातोडी दिली आणि म्हणाले, "हे खिळे तोंडात धर. धंदा पण शिकशील आणि मला पण शांतता मिळेल." खिळे गालात साठवायचे. जिभेनं एकेक पुढं आणायचा, डोकं बाहेर आणि टोक आत असा फिरवायचा आणि डाव्या सुळ्यांच्या चिमटीत धरायचा. हातोडीचं तोंड लोहचुंबकाचं. ते ओठाशी नेलं की खिळा आपोआप चिकटतो. तेवढ्यात डाव्या हातानं कापड ताणून धरलेलंच असतं. ठक. पुन्हा ओठ, पुन्हा ठक. डावा हात कापडावरून सुटता कामा नये, सगळी कला त्यात. हात सुटला की कापड सैलावलं, आणि सैल कापडाचा सोफा म्हाताऱ्याच्या गालासारखा दिसतो.

ती शिकली, आणि थोरल्यांपेक्षा साफ काम करू लागली. पण थोरल्यांनी काय केलं, घरातलं जे जे अवघड बोलणं असायचं ते तिच्या गालात खिळे असतानाच काढायचे. भावाला धंद्यात भागीदार घेतलाय. तुझ्या आईला भेटायला जायचं पुढं ढकललंय. वहिनी डोळे वटारायची, हातोडी जोरात हाणायची. खिळे संपेपर्यंत निम्मा राग ठोकला गेलेला असायचा.

"तीन तऱ्हा आहेत," डॉक्टरबाई सांगत होत्या. "एक मेटलची. चांदीसारखी दिसेल, पण फुटत नाही. दात कमी कापावा लागतो. दुसरी आतून मेटल, वरून पांढरा थर. दिसायला चांगली, पण कडक काही चावलं तर थराचा टवका उडू शकतो. तिसरी झिरकोनियाची. पांढरी आणि मजबूत. पण मजबूत असली तरी समोरचा दात तुमचाच आहे, हे लक्षात ठेवा. आज दात मधल्या मापानं कापलाय, कुठलीही बसेल. माप संध्याकाळी लॅबला जातं. तोवर ठरवा. रंग जुळवायला मात्र यावं लागेल."

वहिनीनं मान हलवली.

"आणि कुठलीही घेतली तरी तोंडात खिळा नको. बर्फ नको, सुपारी नको, बाटलीचं बूच नको. मऊ ब्रश घ्यायचा आणि कॅप हिरडीला जिथं मिळते तिथं फिरवायचा, कारण कॅप किडत नाही, तिच्या खालचा दात किडतो. दोन दातांमधे रोज दोरा घालायचा. आता ही तात्पुरती आहे तोवर दोरा वर उपसायचा नाही, बाजूनं ओढून काढायचा, नाहीतर दोऱ्याबरोबर कॅप हातात येईल. आणि भूल उतरेपर्यंत काही खायचं नाही. गाल चावला जातो, कळत नाही."

साचा निघाला. वहिनीनं विचारलं, "मेटलची घेटली टर?" तिचा त अर्धा गळून पडला. "मग खिळा ढरटा येईल?"

डॉक्टरबाईंनी हातमोजे काढले. "कॅपला काही होणार नाही. वरचा सुळा जाईल. मग त्याला कॅप. मग तिथून जबड्याच्या सांध्यापर्यंत जायला वेळ लागत नाही."

वहिनी उठली.

तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती. थोरले गेल्यावर धाकट्यानं पिना मारायची गन आणली. कॉम्प्रेसर आणला, लांब नळी आणली. फट, फट, फट, एका कडेला लागायचा तो वेळ निम्म्यावर आला. धाकटा मनानं वाईट नव्हता. उलट कौतुकानंच म्हणाला, "वहिनी, तुम्ही आता नुसतं कापड बेता आणि खुर्चीत बसा. पुष्कळ झालं." त्याला वाटलं, आपण वहिनीला आराम दिला. पण सोफ्याचं काम पुढं उभं राहून करणाऱ्याचं असतं. बेतणारा, पिंजणारा, झाडणारा, हे सगळे मागच्या खोलीतले. वहिनी तिथून पुढं आली होती, आणि आता तिला पुन्हा मागं जायचं नव्हतं. नवऱ्याचं दुःख कुठं ठेवलंय ते तिला सापडत नव्हतं, जेवणाची चव लागत नव्हती, कुणी बोललं तर आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखा यायचा. पण हातात कापड ताणलं की बोटांना ताण कळायचा. तेवढं एक शिल्लक होतं. म्हणून ती अजून खिळ्यांनीच काम करायची, आणि धाकटा गन घेऊन बाजूला तिष्ठत उभा राहायचा.

दुकानात पोचली तर जाऊ चहा गाळत होती. वहिनीचा ओठ एका बाजूनं लोंबत होता.

"अगंबाई! ताई, दाताला टोपी घातली म्हणे? बघू, कसली, लोकरीची का?"

"टाट्पुरटी आहे," वहिनी म्हणाली.

जाऊ हसून खाली बसली. "पुन्हा म्हणा. एकदाच म्हणा."

"टू चहा डे."

"चहा नाही द्यायचा," धाकटा आतून म्हणाला. "भूल असताना खायचं-प्यायचं नसतं. वहिनी, तुम्ही आज बसा. वकीलबाईंची खुर्ची मी करतो."

वकीलबाईंची खुर्ची मधे मांडलेली होती. उंच पाठीची, वाकड्या हातांची, जुनी आणि तोऱ्यातली. कापड सायीच्या रंगाचं, वकीलबाईंनी स्वतः निवडून आणलेलं. संध्याकाळी न्यायला येणार होत्या. धाकट्यानं बैठकीची एक कड मारून ठेवली होती. वहिनीनं नुसती नजर टाकली. मधे कापड पोटात वाऱ्याचा गोळा धरल्यासारखं फुगलेलं.

"हे काय केलंय?"

"काय झालं?"

"ह्याच्यावर बसायचंय का ह्याला बाळंट करायचंय?"

तिनं चिमट्यानं त्याच्या पिना उपटल्या. धाकट्यानं उपटलेल्या पिना गोळा केल्या. दिरानं वहिनीचे टोमणे खायचेच असतात, असं त्याला लहानपणापासून माहीत होतं. तिनं डब्यातून मूठभर खिळे उचलले आणि, जसं कुणी दार उघडताना कडी काढतं तसं, तोंडात टाकले.

जाऊ किंचाळली, "डॉक्टर काय म्हणाल्या होत्या?"

"खायचं नाही म्हणाल्या." खिळे काही खाणं नव्हे.

सुरुवातीला बरं चाललं. उजव्या बाजूनं जीभ जिवंत होती, ती खिळा आणायची. पण नेहमीची वाट डावीकडची. सुळ्याच्या जागी आता गुळगुळीत काहीतरी होतं आणि त्याच्या भोवतीचा सगळा मुलूख परका. खिळा ओठापर्यंत यायचा तो कसा आला हे तिला कळायचं नाही. ती हातोडी नेऊन अंदाजानं टिपायची. डावा हात मात्र नेहमीसारखा. कापड तबल्याच्या पुडीसारखं ताणलं जात होतं. ठक. ठक. पुढची कड झाली, ती कोपऱ्याच्या चुण्यांवर आली. चुण्या नीट बसल्या तर काम माणसाचं, नाहीतर पोत्याचं, असं थोरले म्हणायचे. ती आणखी खाली वाकली.

"वहिनी," धाकटा म्हणाला.

तिनं हातानंच थांब म्हटलं.

"वहिनी, रक्त."

सायीच्या कापडावर, अगदी चुणीच्या शेजारी, एक लाल ठिपका होता. बघता बघता दुसरा पडला. वहिनीनं हनुवटीला हात लावला, हात ओला झाला. तिनं तोंडातले उरलेले खिळे तळहातावर काढले. जिभेला सवय होती, गालात किती उरले, किती गेले, ते तिला न मोजता कळायचं. आज जीभ अर्धीच होती. पण तळहाताकडं बघून तिला कळलं की एक कमी आहे.

"एक कमी आहे," ती म्हणाली.

मग दुकानात जो गोंधळ झाला तो बघायला चहावाला गाळणी हातात घेऊनच आला. धाकट्यानं जुन्या स्पीकरचा लोहचुंबक काढून जमिनीवर फिरवला. चिकटल्या त्या गंजक्या पिना आणि कधीकाळी हरवलेली एक किल्ली. जाऊ ओरडत होती, "गिळला! गिळला असणार! मोठ्या दवाखान्यात चला, फोटो काढा पोटाचा!" काचवाला म्हणाला, "पाव खायला द्या, पावात गुंडाळून जातो." चहावाला म्हणाला, "माझ्या एका मामानं नाणं गिळलं होतं, काही झालं नाही." जाऊ म्हणाली, "नाणं गोल असतं हो, मेल्यानो!"

वहिनी स्टुलावर बसली होती. हनुवटीखाली फडकं धरलं होतं. ती खुर्चीकडं बघत होती.

"कापडाला गार पाणी लावा लगेच," ती म्हणाली. "वाळलं की निघट नाही."

धाकटा चुंबक घेऊन जमिनीवर बसला होता, तो तसाच थांबला. मग त्यानं चुंबक आपटला.

"तुम्हाला काहीच कसं होत नाही हो? पोटात खिळा गेला असेल तुमच्या! दादा सोफ्यावर गार पडला होता तेव्हा पण तुम्ही हेच विचारलंत. कापड खराब झालं नाही ना, म्हणालात. मला आठवतंय. सगळ्यांना आठवतंय."

चहावाल्यानं गाळणीकडं बघितलं. काचवाला हळूच आपल्या दुकानाकडं वळला.

"नाही झालं," वहिनी म्हणाली.

ती उद्धटपणानं म्हणाली नव्हती. खरंच झालं नव्हतं, आणि विचारलं तर उत्तर द्यावं लागतं. धाकटा तिच्याकडं बघत राहिला. त्याचे डोळे भरले होते. वहिनीला ते दिसले. भरलेले डोळे कसे दिसतात ते ती नीट बघत राहिली, आणि आपलं काहीतरी बोलायचं राहिलंय असं तिला वाटलं. काय ते सापडलं नाही.

जाऊ मात्र कामाची. तिनं मोबाइलचा दिवा लावला, वहिनीची हनुवटी धरली आणि ओठ खाली ओढला, वासराचे दात बघावेत तसा.

"ताई," ती म्हणाली, "हलू नका."

खिळा तिथंच होता. खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला टोकानं शिरलेला, गोल डोकं तेवढं बाहेर. गादीला बटण लावतात तसा, चांगला दाबून बसलेला. वहिनी त्याच्यासकट काम करत होती.

"दुखत नाही?" जावेनं कुजबुजत विचारलं.

"नाही."

धाकट्यानं पकड आणली. बारीक तोंडाची, स्प्रिंगा ओढायची. ती वहिनीच्या तोंडाशी नेली आणि मागं घेतली. "मला जमणार नाही," तो म्हणाला. मग जावेनंच पकड घेतली, तोंडानं "अगंबाई अगंबाई" म्हणत डोकं धरलं आणि सरळ ओढलं. खिळा निघाला. वहिनीला कुणीतरी दूरच्या खोलीत खुर्ची सरकवल्यासारखं काहीतरी जाणवलं, तेवढंच.

संध्याकाळी जाऊ तिला घेऊन पुन्हा दवाखान्यात गेली. एकटी पाठवायला ती तयार नव्हती. वाटेतच ओठाला मुंग्या आल्या. मग ठणका सुरू झाला, आधी टोकाला, मग आख्ख्या जबड्यात. वहिनी चालता चालता थांबली. ओठ परत येत होता. हनुवटी परत येत होती. फुटपाथच्या कडेला उभी राहून तिनं थोडी वाट बघितली, की ह्याच्या मागोमाग आणखी काही येतंय का. माणसं दोन्ही बाजूंनी जात राहिली. आणखी काही आलं नाही.

"दुखतंय?" जाऊ म्हणाली.

"आता दुखतंय."

"बरं झालं बाई," जाऊ म्हणाली, आणि आपण काय बोललो ते कळून तिनं जीभ चावली.

डॉक्टरबाईंनी जखम धुतली, तात्पुरती कॅप हलवून बघितली. ओरडल्या नाहीत. ओरडायला लागलं तर कुठून सुरुवात करावी हे त्यांनाही कळलं नसावं. त्यांनी ड्रॉवरमधून रंगांची पट्टी काढली. बारक्या बारक्या दातांची रांग, एकापेक्षा एक पिवळा.

"हसा जरा," त्या म्हणाल्या. "शेजारचा रंग बघू दे."

वहिनीनं ओठ बाजूला केले. ते हसणं नव्हतं, पडदा सरकवणं होतं. पण रंग दिसायला तेवढं पुरलं.

जाऊ पुढं सरसावली. "हा द्या. पहिलाच. काय चमकतोय!"

"तो नको," वहिनी म्हणाली. "जुन्या सोफ्याला कोऱ्या कापडाचं ठिगळ लावलं तर आधी ठिगळच दिसतं. हा द्या. चहाच्या अंगाचा."

डॉक्टरबाईंनी तो सुळ्याशेजारी धरला, आरसा दिला. बरा दिसत होता. त्या म्हणाल्या, "आणि कॅप कुठली? तुमचं काम बघता मी झिरकोनियाची सांगेन. नाहीतर मेटलची. तुमच्या तोंडात काही टिकायचं असेल तर तेच."

वहिनीनं आरसा खाली ठेवला. ओठ चांगलाच ठणकत होता आणि ती त्या ठणक्यावर लक्ष ठेवून बोलत होती.

"त्यातली फुटणारी कुठली म्हणालात?"

"वरून थर असलेली. टवका उडू शकतो."

"ती द्या."

"ताई!" जाऊ म्हणाली.

"न फुटणारी घेतली तर मी पुन्हा खिळे धरणार," वहिनी म्हणाली. "आज काय, उद्या काय. हात आपोआप डब्याकडं जातो, मला विचारत नाही. तुम्ही नको म्हणालात आणि मी घरी जाऊन मूठभर टाकले. मला सांगून उपयोग नाही. दाताला धाक पाहिजे. फुटणारी असली की जीभच आडवी येईल."

डॉक्टरबाई पेन हातात घेऊन थांबल्या. "अशी कॅप कुणी मागितली नव्हती अजून."

"मग खिळे?" जावेनं विचारलं. तिच्या आवाजात गंमत नव्हती. घरातल्या सगळ्यांनाच माहीत होतं की खिळे गेले म्हणजे काय गेलं.

"खिळे गेले," वहिनी म्हणाली.

पक्की कॅप पुढच्या आठवड्यात बसली. वकीलबाईंना दोन दिवस थांबवलं होतं, खुर्चीला उरलेल्या कापडातून नवी बैठक निघाली आणि त्यांना काही कळलंही नाही. वहिनी रोज रात्री जेवण झालं की आरशापुढं उभी राहून दोरा घालायची, मऊ ब्रश हिरडीच्या कडेनं फिरवायची. जाऊ म्हणायची, "नवऱ्याची एवढी सेवा केली नव्हती." वहिनी म्हणायची, "तो फुटत नव्हता." आणि दोघी आपापल्या कामाला लागायच्या.

डब्याकडं हात अजून जायचा. पहिल्या दिवशी तर खिळे ओठापर्यंत पोचले, पण जीभ खरंच आडवी आली. नवी कॅप तिला अजून पाहुण्यासारखी होती. पाहुण्याच्या अंगावर कुणी खिळे टाकत नाही.

मग तिनं खिळे वाटीत ठेवून बघितले. वाटीतला खिळा उचलायला वाकलं की डावा हात सुटायचा, कापड सैल. मनगटाला चुंबक बांधून बघितला, तर कात्रीच येऊन चिकटली. धाकटा दोन दिवस लांबून बघत होता. तिसऱ्या दिवशी एक आरामखुर्ची आली, खोल बैठकीची, गडद हिरव्या कापडाची. वहिनी तिच्यापुढं हातोडी घेऊन नुसतीच उभी राहिली. कॉम्प्रेसर घरघरत होता. मागच्या खोलीत फोम पडला होता, कापायचा. ती तिकडं वळली.

"वहिनी," धाकटा म्हणाला. "इकडं या जरा. हे मला एकट्याला होत नाही."

"गन आहे ना."

"गनला एक हात लागतो. राहिलेल्या एका हातानं कापड ओढतो तर तुम्ही म्हणता बाळंत करायचंय का. मग करू काय मी? दातानं ओढू?"

वहिनी उंबऱ्यात थांबली. तो थट्टा करतोय का कीव, ते तिनं बघितलं. त्याच्या कपाळावर घाम होता, आणि हिरवं कापड खरंच एका बाजूला पळालं होतं. कीव असती तर कापड मुद्दाम एवढं वाईट लावता आलं नसतं. एवढं वाईट फक्त मनापासूनच लागतं.

"सरका," ती म्हणाली.

आधी तिनं त्याला ओढायला लावलं आणि गन स्वतः घेतली. गनचा धक्का खांद्यात बसला. धाकट्यानं ओढलेलं कापड बघून तिनं एकही पिन मारली नाही, गन त्याच्या हातात परत दिली.

"तुम्ही मारा. मी ओढते. मी सांगेन तेव्हाच मारायची. आधी नाही, नंतर नाही."

तिनं दोन्ही हात कापडावर ठेवले. एक हात हातोडीत गुंतलेला नसला की किती ओढता येतं, हे तिला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं. तळव्यांखाली हिरवं कापड आलं, फोम दबला, धागे सरळ झाले. बोटांच्या टोकांना ताण कळला. बाकी कुठं काही कळत नव्हतं, पण तिथं कळला.

"मारा," ती म्हणाली.

फट.

"पुढं. मारा."

फट.

"मी म्हटलं होतं का? काढा ती."

"म्हणालात की!"

"श्वास घेतला मी. श्वासाला मारा म्हणत नाहीत. काढा."

धाकट्यानं चिमट्यानं पिन काढली. वहिनीनं कापड पुन्हा धरलं आणि कोपऱ्याकडं सरकली.